गळ्यातला ताईत: प्राचीन इजिप्तच्या सोन्या-रत्नांच्या दागिन्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाडक्या माणसाला आपण सहज ‘गळ्यातला ताईत’ म्हणतो. नाईलकाठच्या माणसाला हे शब्दशः पटलं असतं. त्याच्या गळ्यात लहानपणापासून काही ना काही ओवलेलं असे, आणि ऐपत असेल तर मेल्यावर मानेपासून पोटापर्यंत ताईतांच्या रांगा लागत. हे दागिने मी बरीच वर्षं जमेल तिथे पाहतेय, त्यांच्याबद्दल वाचतेय, लोकांना सांगतेय. दर वेळी साधारण तेच प्रश्न येतात. ते उत्तरांसह इथे लिहिले आहेत.

तुतनखामेनचा मुखवटा किती तोळ्यांचा?

पहिला प्रश्न हाच असतो. त्यात गैर काही नाही, सोन्याचं नाव निघालं की आपल्याकडे आधी तोळेच विचारतात. तुतनखामेन हा इजिप्तचा तरुण राजा, आणि त्याच्या ममीवरचा हा सोन्याचा मुखवटा सुमारे १० किलोंचा आहे. आजच्या सराफी हिशेबाने, म्हणजे १० ग्रॅमचा तोळा धरला, तर हजारेक तोळे. राजाचा देह ज्या सर्वांत आतल्या शवपेटीत होता ती सोन्याची पेटी ११० किलोंची आहे.

वजन सांगून झालं की मी लोकांना डोळ्यांकडे पाहायला सांगते. भुवया आणि डोळ्यांभोवतीची काजळाची रेघ लाजवर्द या गडद निळ्या दगडाची आहे. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग गारगोटीच्या जातीच्या दगडाचा, बाहुल्या काळ्याभोर ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीतल्या काचेच्या. आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत लाल रंगाचा बारीक ठिपका दिलेला आहे, जिवंत माणसाच्या डोळ्यात असतो तसा. तो ठिपका देणाऱ्या कारागिराचं नाव कुठेही कोरलेलं नाही.

एवढं सोनं इजिप्तमध्ये आलं कुठून?

नाईल आणि तांबडा समुद्र यांच्यामधल्या पूर्वेकडच्या वाळवंटातून आणि दक्षिणेच्या नुबियातून. इटलीतल्या तुरिनच्या संग्रहालयात पपायरसवर काढलेला एक नकाशा आहे, इसवी सनापूर्वी ११५० च्या सुमाराचा. वादी हम्मामात भागातले डोंगर, वाटा, दगडाच्या खाणी आणि सोन्याची खाण त्यावर रंग वापरून दाखवली आहे. जगातल्या सर्वांत जुन्या नकाशांपैकी तो एक.

सोनं काळवंडत नाही, गंजत नाही, म्हणून ते देवांचं मांस मानलं गेलं. देवांची हाडं चांदीची आणि केस लाजवर्दाचे. चांदी इजिप्तमध्ये जवळजवळ मिळतच नसे, त्यामुळे जुन्या काळात तिचा मान सोन्यापेक्षा मोठा होता. गीझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाची आई हेतेफेरेस हिच्या चांदीच्या बांगड्या १९२५ मध्ये गीझाला सापडल्या. त्यांवर पिरोजा, लाजवर्द आणि तांबड्या कार्नेलियनची फुलपाखरं जडवली आहेत. ही चांदी ग्रीसच्या बेटांकडून आली असावी, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसलं. राणीच्या मनगटावर समुद्रापलीकडचा धातू होता, तोही साडेचार हजार वर्षांपूर्वी.

हिरे, माणकं, पाचू का दिसत नाहीत?

फारोंच्या, म्हणजे इजिप्तच्या राजांच्या, काळातल्या कारागिरांना हिरा, माणिक, नीलम ठाऊक नव्हते. पाचूच्या खाणी पूर्वेच्या वाळवंटात सिकाइतला होत्या, पण त्या नावारूपाला आल्या ग्रीक आणि रोमन अमलात. त्याआधीच्या हजारो वर्षांत मुख्य रत्नं तीनच: गडद निळा लाजवर्द, हिरवट निळा पिरोजा आणि तांबडा कार्नेलियन, जो आपल्या अकीकाच्या घरातला. त्यांच्या जोडीला हिरवा फेल्डस्पार, लाल आणि हिरवा जॅस्पर, गार्नेट. मध्य राज्याच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी २००० ते १७०० च्या सुमारास, दक्षिणेच्या वादी अल्-हुदीतून जांभळा ॲमेथिस्ट मोठ्या प्रमाणावर काढला जाई.

ही निवड दगडाच्या झळाळीसाठी नव्हती, रंगासाठी होती. हिरव्या रंगाचा ‘वाज’ हा शब्दच ताजं, बहरलेलं या अर्थाचा होता. लाल म्हणजे रक्त आणि जीव. निळा म्हणजे रात्रीचं आकाश आणि पाणी. पिरोजा सिनाईच्या सेराबित अल्-खादिममधून येई. तिथे खाणींच्या शेजारीच हाथोर देवीचं मंदिर आहे आणि तिला ‘पिरोजाची स्वामिनी’ म्हणत.

लाजवर्दाची वाट सर्वांत लांबची. तो यायचा आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून, हातोहात, इराण आणि मेसोपोटेमिया पार करत. त्याच बदख्शानजवळ शोर्तुगाई इथे सिंधू संस्कृतीच्या लोकांची वसाहत होती. म्हणजे एकाच भागातला निळा दगड पूर्वेला आणि पश्चिमेलाही जात होता. इजिप्तचं कार्नेलियन आपल्या खंबातचं होतं का, असं पुष्कळ जण आशेने विचारतात. तशी गरज त्यांना नव्हती, त्यांच्या स्वतःच्या पूर्व वाळवंटात ते भरपूर मिळत असे.

मग काच आणि फाएन्स वापरणं म्हणजे फसवणूक नाही का?

नाही. तुतनखामेनच्या मुखवट्यावरच्या शिरोवस्त्राचे निळे पट्टे काचेचे आहेत, आणि हा राजाचा मुखवटा आहे. पैसे वाचवायला कुणी तिथे काच घातलेली नाही. काच त्या काळी नवी, अवघड आणि राजदरबारी कला होती. तरीही फरक त्यांना कळत होताच. लाजवर्दाला ते ‘खेस्बेज’ म्हणत आणि खाणीतून आलेला असेल तर पुढे ‘खरा’ असं मुद्दाम लिहीत.

फाएन्सचं तर मला विशेष प्रेम आहे. ही चिनीमाती नव्हे. वाळू किंवा कुटलेली गारगोटी, थोडा चुना, थोडा क्षार आणि तांब्याचं संयुग एकत्र मळून भट्टीत भाजलं की वर आपोआप निळी-हिरवी चकाकी चढते. इजिप्ती लोक त्याला ‘चेहेनेत’ म्हणत, म्हणजे चमकणारं. गरिबाघरच्या पोराच्या गळ्यात फाएन्सचा निळा डोळा असे आणि राजपुत्राच्या गळ्यात लाजवर्दाचा, पण रंग तोच आणि रक्षणही तेच.

दागिना कुठे संपतो आणि ताईत कुठे सुरू होतो?

अशी रेघ तिथे ओढता येत नाही. ताईताला ‘मेकेत’, ‘सा’ असे शब्द होते आणि ते राखणं, सांभाळणं या क्रियेवरून आलेले आहेत. कोल्हापुरी साज पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. साजातली पानं नुसती शोभेची नसतात, मासा, कासव अशी प्रत्येकाला ओळख असते आणि ती एकत्र ओवली की साज होतो. इजिप्तमधलं ओवणं तसंच होतं.

नेहमी दिसणारे काही आकार सांगते. ‘वेजात’ म्हणजे होरस देवाचा डोळा. सेत देवाने तो फोडला आणि थोथ देवाने पुन्हा बरा केला, म्हणून त्या शब्दाचा अर्थच अखंड, धडधाकट असा आहे. ‘जेद’ हा मृतांचा देव ओसायरिस याचा कणा. ‘तियेत’ ही त्याची पत्नी इसिस हिची गाठ. ‘अंख’ म्हणजे जीवन. मृतांच्या ग्रंथात, म्हणजे परलोकात उपयोगी पडणाऱ्या मंत्रांच्या संग्रहात, कोणता ताईत कशाचा हवा हेही सांगितलं आहे: जेद सोन्याचा, इसिसची गाठ लाल दगडाची, पपायरसचा दांडा हिरव्या फेल्डस्पारचा. लाल गाठीसोबत म्हणायच्या मंत्रात इसिसच्या रक्ताचा उल्लेख येतो. दगडाचा रंग मंत्राचाच भाग होता.

शेणकिड्याला एवढा मान का?

कारण त्यांनी त्याला नीट पाहिलं होतं. शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलत नेणारा हा भुंगेरा पाहून त्यांना आकाशातून सूर्य ढकलत नेणारा देव आठवला. जमिनीत पुरलेल्या शेणातून नवे किडे बाहेर पडताना दिसले, आणि हा जीव स्वतःच स्वतःला घडवतो असं त्यांना वाटलं. ‘खेपेर’ म्हणजे होणं, अस्तित्वात येणं. सकाळच्या सूर्याचं नाव खेप्री. या किड्याच्या आकाराचा ताईत म्हणजे स्कॅरब. पाठ किड्याची, खालची बाजू सपाट, आणि त्या सपाटीवर नाव, नक्षी किंवा शुभवचन कोरलेलं. शिक्का म्हणूनही तो चाले.

हृदयावरचा स्कॅरब वेगळा असतो का?

वेगळा, मोठा आणि जबाबदारीचा. मेल्यानंतर ओसायरिससमोर हृदय तराजूत घालतात आणि दुसऱ्या पारड्यात सत्याची देवी माआत हिचं पीस असतं. भीती अशी की आपलंच हृदय आपल्या वागण्याची साक्ष देईल. म्हणून हिरव्या दगडाचा मोठा स्कॅरब छातीवर ठेवत आणि त्याच्या पोटावर मृतांच्या ग्रंथातला मंत्र कोरत. आशय असा: आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. मला तरी यात लबाडी दिसत नाही. मरणाच्या दारात उभ्या माणसाची ही विनवणी आहे, आणि ती देवाला नाही, स्वतःच्या हृदयाला केलेली आहे.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सोबेकेमसाफ नावाच्या राजाचा असा स्कॅरब आहे. दगड हिरवा जॅस्पर, बैठक सोन्याची, आणि किड्याला चक्क माणसाचा चेहरा. सोन्यावर कोरलेली अक्षरं ओबडधोबड आहेत. घाईत किंवा नवशिक्या हाताने कोरल्यासारखी ती दिसतात, आणि त्यामुळेच हा तुकडा मला जवळचा वाटतो.

हे सगळं मेलेल्यांसाठीच घडवत का?

काही दागिने फक्त थडग्यासाठी असत, पण बरेच रोजच्या वापरातले आहेत. बर्लिनमध्ये असलेल्या एका पपायरसवर एक गोष्ट आहे. राजा स्नेफरूला करमत नाही, म्हणून तो तळ्यात नाव काढतो आणि वीस तरुण मुली वल्ही मारतात. त्यांतल्या एकीच्या वेणीतला पिरोजाचा मासा पाण्यात पडतो. ती थांबते, तिच्या बाजूच्या सगळ्याजणी थांबतात. राजा म्हणतो, तू वल्हव, मी तुला दुसरा देतो. ती म्हणते, मला माझाच हवा. शेवटी जादूगाराला बोलावतात. तो तळ्याचं अर्धं पाणी उचलून उरलेल्या अर्ध्यावर ठेवतो आणि तळाशी एका खापरीवर मासा सापडतो.

पाण्यात बुडू नये म्हणून मुलांच्या आणि मुलींच्या वेणीत असे मासे अडकवत. सोन्याचे छोटे मासे उत्खननात खरोखर मिळाले आहेत. माझ्या आजीने तिची ठुशी मोडीत घालायला ठाम नकार दिला होता, नवी त्याहून जड मिळत असूनही. त्या मुलीचं म्हणणं मला तिथून कळतं.

असे बारीक दागिने हाताने घडवत तरी कसे?

एक नमुना जवळून पाहू. १९१४ मध्ये ब्रन्टन आणि पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञांना लाहूनला राजकन्या सित-हाथोर-युनेतचं थडगं सापडलं. चोर आधीच येऊन गेले होते, पण भिंतीतल्या एका कोनाड्यातल्या पेट्या त्यांच्या नजरेतून सुटल्या. पुराबरोबर आलेल्या चिखलात लाकूड कुजून गेलं होतं आणि मणी सुटे विखुरले होते. ब्रन्टन कित्येक दिवस तिथेच मुक्काम करून एकेक मणी जागेवरून उचलत राहिले.

त्यातलं एक पदक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. रुंदी ८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तळहातावर मावेल एवढं. दोन ससाणे समोरासमोर, मध्ये सेनुस्रेत दुसऱ्याचं नाव, खाली गुडघा टेकून बसलेला हेह हा देव, त्याच्या हातात वर्षांच्या खुणा असलेले ताडाचे दांडे आणि दंडाला लोंबणारं बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, जे एक लाख या संख्येचं चिन्ह. सगळ्याचा अर्थ: राजाला लाखो वर्षांचं आयुष्य लाभो. एवढ्याशा जागेत कार्नेलियन, लाजवर्द, पिरोजा आणि गार्नेटचे ३७२ तुकडे बसवले आहेत.

पद्धत अशी: आधी सोन्याचा पत्रा. त्यावर सोन्याच्याच बारीक पट्ट्या उभ्या झाळून घरं करायची. मग प्रत्येक घराच्या मापाचा दगड घासून तयार करायचा आणि कोंदणात बसवायचा. पोलादाची अवजारं नव्हती. दगड घासायला वाळू, मूस तापवायला आणि झाळकामाला फुंकणी, भोकं पाडायला कमानीने फिरवायचा सामता. थीब्जला रेखमिरेच्या थडग्यातल्या चित्रात मणी विंधणारा कारागीर एका कमानीने एकदम अनेक सामते फिरवताना दिसतो. सक्काराला मेरेरुकाच्या थडग्यात बुटके कारागीर रुंद गळसरी ओवत बसले आहेत. या कामाची घडणावळ आज कोणता सोनार किती सांगेल, याचा विचार करून पाहा.

पुरुषही दागिने घालत?

हो, सगळेच. अनेक पदरी रुंद हार, ‘वेसेख’, दोघांच्याही गळ्यात असे. शौर्याबद्दल किंवा सेवेबद्दल राजा सोन्याच्या मण्यांच्या माळा बक्षीस देई आणि लढवय्यांना सोन्याच्या माश्या मिळत. माशी हाकलली तरी परत येते, म्हणून.

लोखंडही दागिन्यात होतं म्हणे?

होतं, आणि ते आकाशातून पडलेलं. १९११ मध्ये गेर्झेला इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचे लोखंडी मणी मिळाले. ते उल्केच्या लोखंडाचे आहेत. तुतनखामेनच्या कट्यारीचं पातंही तसंच आहे. त्याच्याच एका पदकातला पिवळसर हिरवा स्कॅरब पश्चिमेच्या वाळवंटात सापडणाऱ्या नैसर्गिक काचेतून कोरलेला आहे.

राजे इतके, मग दागिने इतके थोडे का उरले?

कारण सोनं वितळतं. रामसेस नवव्याच्या सोळाव्या वर्षी, इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमारास, थडगी फोडणाऱ्यांची जबानी नोंदवली गेली. आमेनपनेफेर नावाचा पाथरवट सांगतो की त्यांनी सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं. राजाच्या गळ्यात सोन्याचे पुष्कळ ताईत आणि दागिने होते. ते काढले, शवपेट्यांना आग लावली आणि आठ जणांनी १६० देबेन सोनं वाटून घेतलं. देबेन सुमारे ९१ ग्रॅमचा, म्हणजे साडेचौदा किलो सोनं झालं. तो पुढे सांगतो की एकदा पकडलं गेल्यावर त्याने आपला २० देबेनचा वाटा एका लेखनिकाला दिला आणि सुटला. मग सोबत्यांनी आपापल्या वाट्यातून त्याची भरपाईही केली.

ही तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये कैरोच्या तहरीर चौकातल्या संग्रहालयाच्या दुरुस्ती-विभागातून राजा आमेनेमोपेचं सोन्याचं कडं चोरीला गेलं. लाजवर्दाचा मणी असलेलं. ते हातोहात विकत सराफी बाजारात पोहोचलं आणि दुसऱ्या सोन्याबरोबर वितळवलं गेलं. दोन लाख इजिप्ती पौंडांपेक्षाही कमी किंमत आली. ही बातमी वाचून मी रडले होते. तीन हजार वर्षं टिकलेलं कडं मोडीच्या भावात गेलं.

जे हरवतं ते चोरांमुळेच असंही नाही. पेट्रींना अबायडॉसला जेर राजाच्या थडग्यात भिंतीच्या फटीत कोंबलेला, तागाच्या कापडात गुंडाळलेला एक हात सापडला होता. त्यावर चार कडी होती: सोनं, पिरोजा, ॲमेथिस्ट, लाजवर्द. पाच हजार वर्षांपूर्वीची ती कडी कशी ओवली होती ते जागच्या जागी दिसत होतं. कडी कैरोच्या संग्रहालयात गेली आणि हात टाकून देण्यात आला. संग्रहालय ही धोक्याची जागा आहे, असं पेट्रींनी पुढे लिहिलं.

आता ममी न उघडता आतले ताईत पाहता येतात का?

येतात, आणि या विषयातली मला सर्वांत आनंद देणारी गोष्ट हीच. एडफूला १९१६ मध्ये सापडलेली चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची ममी कैरोच्या संग्रहालयाच्या तळघरात पडून होती. कैरो विद्यापीठाच्या डॉ. सहर सलीम यांनी तिचं सीटी स्कॅन केलं. जानेवारी २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पट्ट्यांच्या घड्यांमध्ये आणि देहाच्या आत ४९ ताईत, २१ प्रकारचे, तीन रांगांत मांडलेले. तोंडात सोन्याची जीभ, परलोकात बोलता यावं म्हणून. छातीच्या पोकळीत सोन्याचा हृदय-स्कॅरब. एकही पट्टी सोडली नाही. मुलाला ज्यांनी गुंडाळलं त्यांनी ठेवलं तिथेच सगळं आहे.

इजिप्तला गेल्यावर जुना स्कॅरब विकत घेता येईल?

नाही. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने प्राचीन वस्तूंचा व्यापार आणि त्या देशाबाहेर नेणं बंद आहे. लक्सरला कुणी कानाशी येऊन ‘खरा आहे, थडग्यातला’ म्हणालं तर तो बहुधा नकली असतो, आणि अस्सल असेल तर गुन्हा. आठवण हवीच असेल तर चित्रलिपीत आपलं नाव कोरलेलं कार्तूश पदक (कार्तूश म्हणजे राजाच्या नावाभोवतीची लंबगोल चौकट) सराफाकडून पावतीसह घ्या. तिथे १८ आणि २१ कॅरेटचा चाल आहे, आपला २२ कॅरेटचा हिशेब तिथे लावू नका.

हे दागिने पाहायचे तर कुठे?

तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू आता गीझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये एकत्र आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पूर्णपणे खुलं झालं. लाहूनचा खजिना बहुतांश न्यूयॉर्कला, राजकन्येचा मुकुट कैरोत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे की मेट्रोपॉलिटनला गेलात तर ते ८ सेंटिमीटरचं पदक शोधा. आणि संग्रहालयाच्या छायाचित्रांत त्याची मागची बाजू जरूर पाहा. ती राजकन्येच्या छातीला टेकत असे, कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ससाण्यांची पिसं तिथेही, सोन्यावर, एकेक करून कोरलेली आहेत.